दुरुस्ती

यंत्राचं वजन अडीच ग्रॅम.
म्हणजे आता मी अक्षरशः हलक्या कानाची.
दुकानातली पोरगी म्हणाली,
"सेन्योरा नेवेंका, यापुढे फक्त कामाचं तेवढंच ऐकू येईल."
विचारलं, कुणाच्या कामाचं?
ती हसली. तिला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही.

घरी येऊन सामुद्रधुनीकडची खिडकी उघडली.
वारा नव्हता.
पुंता अरेनासमध्ये, नोव्हेंबरात, वारा नाही?
इथं चौकात माणसांना धरायला दोर बांधतात,
इथली झाडं जन्मापासून पूर्वेला वाकलेली.
समोरच्या गच्चीवर चादर फडफडत होती,
मुकी.

फोनवरच्या ॲपमध्ये सापडलं:
वारा – गोंगाट. वगळण्यात आला आहे.
कुणी वगळला, ते लिहिलं नव्हतं.

बदलायला गेले तर आधी अटी मान्य करा म्हणे.
सत्तेचाळीस पानं.
शिकलेसवरलेले सगळे इथं अंगठाबहाद्दर होतात,
टेकवला की सुटले.
मी तीस वर्षं दैनिकात उपसंपादक होते.
लाल पेन्सिल काढली, वाचत बसले.

पैसे मोजले ते प्लास्टिकचे.
आतली अक्कल कंपनीची,
मला ती वापरायची फक्त परवानगी.
उघडून बघायची नाही, उसनी द्यायची नाही,
मेल्यावर भाचीसाठी ठेवायची नाही.
पान एकतीस: "सेवा बंद करण्यात येऊ शकते."
करण्यात येऊ शकते.
पेन्सिल तिथंच थांबली.

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
कर्ता काढून घेतलेलं,
काटा काढलेल्या माशासारखं, गिळायला सोपं.
अशी मी दिवसाला चाळीस सोलायचे.

एकदा धक्क्यावर संप होता.
बातमीदारानं लिहून आणलं:
शिपायानं गोळी झाडली, मुलगा गेला.
मी केलं:
गोळी लागून मुलाचा मृत्यू.
मथळ्यात जागा नव्हती, असं सांगत आले.
जागा होती. एका शिपायापुरती होती.
खोटं आम्ही एक अक्षर छापलं नाही,
फक्त गोंगाट कशाला म्हणायचं, ते ठरवत गेलो.
दुसऱ्या दिवशी त्याची आई कचेरीत आली.
बोलली नाही. अंक टेबलावर पसरला
आणि 'लागून'वर बोट ठेवून उभी राहिली.
मी कानाडोळा केला.
तेव्हा माझे कान शाबूत होते.

ओस्वाल्दो बार्रिया पूर्वी जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचा,
आता टोस्टर करतो.
यंत्र भिंगाखाली धरून म्हणाला,
"डिंकानं चिकटवलंय. स्क्रूच नाही.
ज्याला स्क्रू नाही ते तुझं नाही, बाई."
मागं टीव्ही चालू होता.
एका वाहिनीवर विराट मोर्चा,
दुसरीवर वाहतुकीचा खोळंबा.
चौक तोच, वेळ तीच,
लाल टोपीवाला आइस्क्रीमवालासुद्धा तोच.
"कुठलं ठेवू?"
म्हटलं, आवाज बंद कर. आइस्क्रीमवाला बघू.

मग त्यानं खणातून आपल्या आईचं यंत्र काढलं.
काजूएवढं, पिवळट पडलेलं, कडेला फिरवायचं चाक.
त्याला काही म्हणता काही कळत नाही.
चमचा, कुत्रं, फ्रिजची घरघर, शेजाऱ्यांचं भांडण,
सगळं एकाच मापानं कानात ओततं.
मध्येच शिट्टी मारतं. डोकं उठतं.

खोटं कशाला बोलू,
उजव्या कानात अजून नवंच घालते;
जेवताना भाची काय म्हणते ते त्यानंच कळतं.
डाव्यात ओस्वाल्दोच्या आईचं.
रात्री उजवं काढून बशीत ठेवते,
डाव्याचं चाक फिरेल तितकं फिरवते,
आणि अंधारात पडून राहते.

छपराचा पत्रा वाजतो आहे.

दुरुस्ती:
वारा
पत्रा वाजवतो आहे.